ओट्स आणि फळांचे मफिन : काय काढलं की काय बिघडतं

पौष्टिक मफिन बहुतेक वेळा एकाच रीतीने बिघडतात. नेहमीच्या पाककृतीतला मैदा काढून ओट्स घातले जातात, साखर निम्म्यावर येते, तेलाऐवजी सफरचंदाचा गर पडतो आणि वर मूठभर बेरी. यादी वाचायला छान वाटते. ओव्हनमधून निघतो तो मात्र वरून फिका, आतून गिच्च आणि चावायला वातड गोळा. मग पौष्टिक खायचं म्हणजे चवीवर पाणी सोडायचं, असं ठरवून लोक मोकळे होतात.

यात पौष्टिकपणाचा काही दोष नाही. मफिनमधला जवळपास प्रत्येक घटक चवीशिवाय आणखी एक-दोन कामं करत असतो आणि तो काढला की ती कामं अडून राहतात. साखर गोडवा देते, शिवाय ओलावा धरून ठेवते. तेल उष्मांक वाढवतं, शिवाय पिठाला चिवट होऊ देत नाही. जे काढाल त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावं लागतं. ओट्स आणि फळांच्या मफिनमध्ये एक अडचण आणखी असते, ती पाण्याची. ओट्स पाणी पितात, पण सावकाश. फळं पाणी सोडतात, तेही नेमकं ओव्हनमध्ये गेल्यावर. या दोघांचा मेळ बसवता आला की बाकीचं फारसं अवघड नाही.

मफिन उभा कशावर राहतो

मफिन फुगतो तो वायूने आणि वाफेने. सोडा किंवा बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, मिश्रणातले बुडबुडे मोठे होतात. पण नुसतं फुगून चालत नाही, फुगलेलं तसंच टिकायला हवं. ते काम तिघं मिळून करतात. गव्हातली दोन प्रथिनं पाणी लागल्यावर एकमेकांत गुंततात आणि त्यांची ताणली जाणारी जाळी बनते, तिला ग्लुटेन म्हणतात. दुसरा वाटा पिठातल्या स्टार्चचा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मिश्रण घट्ट होऊ लागतं. तिसरं अंडं. पांढऱ्यातली प्रथिनं ६०-६२ अंशांच्या आसपास गोठायला लागतात, पिवळं थोडं उशिरा.

ओट्समध्ये प्रथिनं भरपूर असतात, पण गव्हासारखी जाळी ती विणू शकत नाहीत. म्हणून सगळं पीठ काढून नुसत्या ओट्सचे मफिन करायचे, तर अंडी वाढवावी लागतात, नाहीतर उभं राहिलेलं सगळं थंड होता होता खाली बसतं. निम्मी कणीक आणि निम्मे ओट्स हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. कणकेतलं ग्लुटेन पुरेसा आधार देतं आणि ओट्सचा खमंगपणा, दाताखाली येणारा पोतही राहतो.

ग्लुटेनची गंमत अशी की मफिनला ते हवंही असतं आणि फार झालेलं चालतही नाही. मिश्रण जितकं घोटाल तितकी जाळी घट्ट होते. पावाला ते मानवतं, मफिनला नाही. घोटलेल्या मिश्रणाचा मफिन वर शंकूसारखा टोकदार होतो. तो उभा कापून पाहा. तळापासून वरपर्यंत गेलेली लांबट भोकं दिसतील. घट्ट झालेल्या जाळीतून वायूला नीट पसरता आलं नाही, त्याने वर निघायची वाट स्वतःच पाडली, त्या वाटेच्या या खुणा. म्हणून कोरडं वेगळं, ओलं वेगळं, आणि दोन्ही एकत्र केल्यावर मोजकेच हात. मिश्रणात गुठळ्या दिसतील, एखादी पिठाची पांढरी रेघही राहील. हात शिवशिवतात, पण तिथेच थांबायचं. त्या गुठळ्या ओव्हनमध्ये आपोआप भिजतात.

कणकेबद्दल एक बारीक गोष्ट. तिच्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी कात्रीसारखा मधूनमधून कापत जातो. त्यामुळे मैद्यापेक्षा कणकेचा मफिन कमी फुगतो, पण चिवट होण्याचा धोकाही थोडा कमी. कोंडा पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो, म्हणून मिश्रण कालवल्यावर १० मिनिटं तसंच ठेवलं तर मफिन कोरडा लागत नाही.

ओट्स आधी भिजवायचे, ते का

बाजारात मिळणारे चपटे ओट्स कच्चे नसतात. ओट्समध्ये ६-७ टक्के चरबी असते, गव्हापेक्षा बरीच जास्त. ती चरबी तोडणारं एन्झाइमही दाण्यातच असतं. दाणा सोलला-भरडला की ते कामाला लागतं आणि काही दिवसांत माल कडवट, खवट होतो. म्हणून कारखान्यात दाण्यांना आधी वाफ आणि उष्णता देऊन हे एन्झाइम निकामी करतात, मग रुळांखाली चपटे करतात. दाणा तुकडे करून अधिक पातळ दाबला की झटपट शिजणारे ओट्स होतात. मफिनला दोन्ही चालतात. जाड चपट्यांचा पोत टिकतो, पातळ मिश्रणात विरून जातात. न दाबलेले, नुसते कापलेले कडक दाणे मात्र इथे नकोत. २० मिनिटांत ते शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात.

कोरडे ओट्स थेट मिश्रणात घातले तर काय होतं? सुरुवातीला मिश्रण सैल दिसतं. आपण साच्यात भरतो, तोवर ओट्स दूध ओढू लागलेले असतात आणि ओव्हनमध्ये त्यांचं ओढणं सुरूच राहतं. स्टार्चला फुगायला जे पाणी हवं होतं, त्यात हे वाटेकरी. मफिन आतून कोरडा, भुगा होणारा निघतो आणि ओट्स तरीही अर्धकच्चेच लागतात. त्यांना आधी अर्धा तास दह्या-दुधात बुडवून ठेवलं की ही ओढाताण ओव्हनबाहेरच संपते. भिजलेल्या ओट्सना जो बुळबुळीतपणा येतो, तो बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूचा. खाताना तो जाणवत नाही, पण ओलावा धरून ठेवण्यात त्याची मोठी मदत होते. कमी तेला-साखरेचा मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, त्यात याचा वाटा आहे.

वेळ असेल तर भिजवण्याआधी ओट्स ताटात पसरून १७० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून घ्या. रंग अगदी किंचित बदलतो आणि सुगंध सुटतो. चवीत पडणारा फरक या कष्टांच्या मानाने खूपच मोठा आहे. कमी साखरेच्या मफिनला हा खमंगपणा फार उपयोगी पडतो.

साखर आणि तेल : किती काढता येतं

साखर पाणी धरून ठेवते, म्हणून मफिन ओलसर राहतो. ग्लुटेनला लागणारं पाणीही ती स्वतःकडे ओढते, त्यामुळे पोत कोवळा होतो. स्टार्च फुगण्याचं आणि अंडं गोठण्याचं तापमान ती वर सरकवते. म्हणजे मफिन घट्ट व्हायला थोडा उशीर लागतो आणि फुगायला तेवढी सवड मिळते. वरच्या तपकिरी रंगातही तिचा हात असतोच. साखर पूर्ण काढल्यावर मफिन बुटका, फिका आणि रबरासारखा का होतो, ते यावरून कळेल.

पण नेहमीच्या पाककृतीत साखर असते तीही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. तिसरा हिस्सा डोळे झाकून काढता येतो, कुणाला फरक कळत नाही. निम्मी काढायची तर पिकलेलं केळं, दही असं ओलावा धरणारं काही सोबत हवं. त्याखाली गेलात की पोताशी तडजोड आली. दालचिनी, वेलची, संत्र्याची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ यांनी पदार्थ आहे त्यापेक्षा गोड वाटतो. मीठ विसरू नका. कमी साखरेच्या मफिनमध्ये ते नसलं तर सगळंच सपक लागतं.

साखरेऐवजी मध घातला की मफिन आपोआप पौष्टिक होतो, ही समजूत मात्र सोडलेली बरी. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते, बाकी मुख्यतः पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. चव आवडते म्हणून मध घाला. एवढंच की तो पातळ असल्याने दूध थोडं कमी करावं लागेल आणि मफिन लवकर लाल होईल, तेव्हा आच १० अंश खाली ठेवा.

आता तेल. ते पिठाच्या कणांवर पातळ थर देतं आणि पाण्याला सहज आत शिरू देत नाही, म्हणून ग्लुटेन बेताचंच तयार होतं. सफरचंदाचा गर किंवा कुस्करलेलं केळं तेलाची जागा घेतं असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गर ओलावा देतो, पण त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे पिठाला अडवायला कुणी उरत नाही. निम्मं तेल गराने बदला, चालेल. सगळं बदललंत तर चिवटपणा येणारच. १२ मफिनांना चार टेबलस्पून तेल म्हणजे एका मफिनला चमचाभर. तेवढं राहू द्यावं, असं माझं मत. लोण्यापेक्षा तेल घेण्याचं कारण साधं आहे. लोणी थंड झालं की घट्ट होतं आणि मफिनही कडक लागतो, तेल पातळच राहतं.

फळं : प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

केळं हे या सगळ्यातलं सगळ्यात गुणी फळ. हिरव्या केळ्यात १५-२० टक्के स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होत जाते आणि सालीवर काळे ठिपके येईपर्यंत स्टार्च नावापुरता उरतो. म्हणून मफिनला ठिपक्यांचं, हाताला मऊ लागणारं केळंच घ्यायचं. सालीसकट ओव्हनमध्ये ठेवून केळी 'पिकवण्याची' युक्ती सांगतात, तिने गर मऊ होतो, पण दिवसांनी येणारा गोडवा तासाभरात येत नाही. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तेव्हा ते जास्त घातलं की मफिनचा तळ चिकट, खळीसारखा होतो. जास्त केळं म्हणजे जास्त चांगलं, हे इथे लागू नाही.

सफरचंद दोन तऱ्हांनी वापरता येतं. बारीक फोडी केल्या तर आकार टिकतो आणि मिश्रणात पाणी फारसं उतरत नाही. किसलं तर पेशी फुटून रस सुटतो. किस वापरणार असाल तर दुधातलं दोन-तीन चमचे दूध कमी करा. मी पिळून रस टाकून देण्याच्या विरोधात आहे. चव त्यातच असते.

ब्लूबेरीसारखी लहान, सालीची फळं मफिनसाठीच जन्मली असावीत. रस सालीच्या आत राहतो, भाजताना फळ फुटतं आणि जागच्या जागी मुरतं. गोठवलेली बेरी घ्यायला हरकत नाही, फक्त ती वितळू द्यायची नाही. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी फळाच्या पेशी फाटलेल्या असतात. वितळली की रंगीत पाणी वाहतं आणि सगळं मिश्रण करड्या-जांभळ्या रंगाचं होतं. फ्रीझरमधून थेट काढायची, चमचाभर पिठात घोळवायची, सगळ्यात शेवटी मिसळायची आणि भाजायला तीन-चार मिनिटं जास्त द्यायची.

स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी. मिश्रणात घातली की तिच्याभोवती ओले, कच्चट खिसे तयार होतात. तिच्या चकत्या मफिनवर ठेवाव्यात, म्हणजे जास्तीचं पाणी उडून जातं. बेदाणे, खजूर, सुके अंजीर यांचा स्वभाव नेमका उलटा. त्यांच्यात पाणी थोडंच, म्हणून ते मिश्रणातलं ओढून घेतात. १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवून निथळून घातले की भागतं.

फळं तळाला बसू नयेत म्हणून ती पिठात घोळवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने थोडा फरक पडतो, पण खरा उपाय दाट मिश्रण हा आहे. मिश्रण चमच्यावरून धारेने वाहत असेल तर घोळवलेलं फळही बुडणार. चमचा तिरका केल्यावर ते गोळ्याने, जड होऊन पडायला हवं. शिवाय फोडी मटाराहून फार मोठ्या नकोत.

सोड्याचं गणित आणि हिरवे मफिन

खाण्याचा सोडा हा अल्कधर्मी असतो. त्याला दही, ताक, लिंबू असं आंबट काही भेटलं की लगेच वायू सुटतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल टाळण्यासाठी स्टार्च असं सगळं आधीच एकत्र असतं, म्हणून तिला बाहेरचं आंबट लागत नाही. हल्लीच्या बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात, थोडा वायू ओलं झाल्यावर आणि बाकीचा उष्णता लागल्यावर. कालवलेलं मिश्रण १० मिनिटं ठेवलं तरी बिघडत नाही, ते यामुळेच. तेवढ्याच मापाचा सोडा पावडरीपेक्षा तीन-चार पट जोरकस असतो, तेव्हा एकाच्या जागी दुसरं चमच्याला चमचा बदलू नये.

सोडा जास्त झाला आणि त्याला पुरेसं आम्ल मिळालं नाही, तर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि मफिन उगाच काळपट होतो. त्याहून मजेदार प्रकार रंगाचा. ब्लूबेरीतलं जांभळं रंगद्रव्य आम्लात लालसर आणि अल्कात निळं-हिरवं दिसतं. बेरीभोवती हिरवट कडी दिसली तर बेरी खराब नव्हती, सोडा जास्त होता. सूर्यफुलाच्या बिया घातल्यावरही असंच होतं. त्यांच्यातलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कधर्मी मिश्रणात प्रथिनांशी जोडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कापलेल्या मफिनमध्ये बियांभोवती चक्क हिरवा रंग उतरलेला असतो. बुरशी समजून टाकून देऊ नका, खायला काहीच धोका नाही. पुढच्या वेळी सोडा कमी करा किंवा लिंबू पिळा.

डबा जुना असेल तर चमचाभर बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली तर चांगली, नुसतीच विरघळली तर फेकून द्या.

आता प्रत्यक्ष कृती

हे प्रमाण १२ मध्यम मफिनांचं. १२० ग्रॅम चपटे ओट्स, १८० ग्रॅम साधं, बऱ्यापैकी आंबट दही आणि ६० मिलिलिटर दूध एकत्र करून अर्धा तास ठेवा. दही टांगून ठेवल्यासारखं घट्ट असेल तर दूध दोन-तीन चमचे वाढवा. तेवढ्या वेळात १५० ग्रॅम कणीक, दोन टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा, पाव टीस्पून मीठ आणि टीस्पूनभर दालचिनी पूड दोनदा चाळून घ्या. चाळणीत उरलेला कोंडा परत त्यातच टाका, कणीक वापरायचं कारणच तो आहे. शक्य असेल तर वजनकाट्याने मोजा. एकाच वाटीत कणीक हलक्या हाताने भरली की दाबून भरली यावर २०-२५ ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि इथे तेवढ्याने पोत बदलतो.

ओव्हन २१० अंशांवर तापत ठेवा, किमान १५ मिनिटं. आत पंखा असेल तर २० अंश कमी.

मोठ्या भांड्यात दोन अंडी, ७५ ग्रॅम साखर आणि चार टेबलस्पून तेल एकजीव करा. इथे कितीही फेटा, ग्लुटेनचा प्रश्नच नाही. १५० ग्रॅम केळ्याचा गर काट्याने कुस्करून घाला. दोन-चार गाठी राहिल्या तर राहू द्या. भिजलेले ओट्स घाला. मग कोरडं सगळं एकदम ओता आणि रबरी उलथण्याने तळापासून वर उचलत, भांडं फिरवत कालवा. दहा-बारा हात पुरे. पीठ जवळजवळ दिसेनासं होत आलं की १५० ग्रॅम बेरी किंवा सफरचंदाच्या फोडी घालून आणखी तीन-चारदा उलटा. अक्रोड वगैरे घालायचे तर याच वेळी, मूठभर.

अंडं नको असेल तर एका अंड्यामागे टेबलस्पूनभर जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात १० मिनिटं भिजवून घाला. त्याचा चिकटपणा बांधून ठेवतो, पण अंड्यासारखा गोठत नाही. मफिन थोडा बसका आणि दाट होईल, हे धरून चाला.

मिश्रण १० मिनिटं ठेवून साच्यात भरा, काठाच्या जरा खाली येईपर्यंत. कमी तेलाचे मफिन कागदी वाट्यांना चिकटतात आणि गरम असताना कागद ओढला तर निम्मा मफिन कागदावरच राहतो. वाटीला आतून तेलाचं बोट फिरवा, किंवा कागद न लावता साच्यालाच नीट तेल लावा. वर थोडे कोरडे ओट्स भुरभुरवले की दिसायलाही बरं दिसतं.

पहिली सहा-सात मिनिटं २१० वर, नंतर १८० वर १२ ते १५ मिनिटं. सुरुवातीच्या जोरदार आचेने वाफ आणि वायू भराभर तयार होतात. कडा आधी घट्ट होतात, मध्य मात्र अजून पातळ असतो, तो वर चढत राहतो आणि मफिनला घुमट येतो. सुरुवातीपासून मंद आचेवर ठेवला तर चव तीच राहते, माथा सपाट होतो. मफिनचा मुखडा पाहायला पहिल्या १० मिनिटांत दार उघडू नका.

झालं हे कसं ओळखायचं? काडी घालून पाहण्यात एक गोम आहे. काडी नेमकी बेरीत किंवा केळ्याच्या गाठीत शिरली तर ती ओलीच निघणार आणि आपण मफिन विनाकारण वाळवत बसणार. दोन ठिकाणी घालून पाहा. मध्यावर बोटाने हलकंच दाबा, खळगा लगेच भरून आला की झालं. अन्नाचा थर्मामीटर असेल तर आत ९४ ते ९८ अंश दिसायला हवेत.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर. साच्यातच गार होऊ दिले तर वाफेचं पाणी होऊन तळ ओला होतो. लगेच काढायला गेलात तर तुटतात, कारण स्टार्च अजून पुरता घट्ट झालेला नसतो. गरमागरम कापून 'आत कच्चे राहिले' म्हणण्याची घाई करू नका. ओट्सचा मफिन कोमट झाल्यावरच खरा कळतो.

मग हे खरंच पौष्टिक आहेत का

हिशेब करून पाहू. वरच्या प्रमाणात एका मफिनमध्ये अंदाजे १९० किलोकॅलरी, तीन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि वरून घातलेली साखर सहा ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की अशी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली असावी आणि ५ टक्क्यांखाली नेता आली तर आणखी उत्तम. २००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका मफिनने त्याचा चौथा हिस्सा वापरला, हे लक्षात ठेवून खायला हरकत नाही.

ओट्समुळे कोलेस्टेरॉल कमी होतं, हे मात्र जरा जपून घ्यावं. त्यामागे बीटा-ग्लुकनच आहे. आतड्यात त्याचा दाट लगदा होतो, चरबी पचवायला यकृत बनवतं ती पित्ताम्लं त्यात अडकून शरीराबाहेर जातात आणि नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या मापावर. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के, म्हणजे रोज ७५ ग्रॅम ओट्स हवेत. आपल्या एका मफिनमध्ये ओट्स आहेत १० ग्रॅम. सात-साडेसात मफिन खाल्ले तर मात्रा पुरी होईल, आणि सोबत चौदाशे किलोकॅलरीही पोटात जातील. औषध म्हणून ओट्स खायचे तर ते शिजवून वाडग्यात खावेत. मफिन हा चांगला नाश्ता आहे, मैद्याच्या गोड मफिनपेक्षा नक्कीच उजवा, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या माणसासाठी करत असाल तर कणीक बाद होतेच, पण साधे ओट्सही चालत नाहीत. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळलेला असतो. ग्लुटेनमुक्त असं छापलेलेच घ्यावे लागतात, आणि त्यातही काहींना ओट्समधलं प्रथिन सोसत नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

उरले तर

फळांचा ओलावा असल्याने बाहेर हवाबंद डब्यात दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. डब्याच्या तळाशी आणि वर कागदी रुमाल ठेवला की माथा चिकट होत नाही. फ्रिजमध्ये ठेवले तर बुरशी लांबते, पण मफिन लवकर शिळा लागतो. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा कडक व्हायला लागतो आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. फ्रीझरमध्ये ही क्रिया जवळजवळ थांबते, म्हणून जास्तीचे मफिन पूर्ण गार झाल्यावर एकेक गुंडाळून सरळ तिथे ठेवा, दोन महिने चांगले राहतात. खायच्या वेळी मायक्रोवेव्हमध्ये ३०-४० सेकंद, किंवा १६० अंशांच्या ओव्हनमध्ये १२-१५ मिनिटं. कडक झालेला स्टार्च गरम झाला की पुन्हा मऊ होतो, पण तो मऊपणा थोडाच वेळ टिकतो, तेव्हा गरम केलेला मफिन लगेच खायचा, डब्यात भरून द्यायचा नाही.